वाचकांचे प्रश्न : हळदीतले कर्क्युमिन आणि प्रयोगशाळेतले निष्कर्ष

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे हळदीविषयी आहेत. हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत हळदीची शिजवणी आणि वाळवणी चालू असताना ती यावीत, यात नवल नाही. पण यंदाच्या पत्रांत भावापेक्षा कर्क्युमिनविषयीची विचारणा अधिक आहे. कर्क्युमिन हे हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य असून त्याच्या ऑक्सिडीकरणरोधक गुणांवर गेल्या तीस वर्षांत जगभर हजारो शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. त्यामुळे हा संपूर्ण स्तंभ या एकाच द्रव्यासाठी राखून ठेवला आहे.

प्रश्न : ‘हळदीतील कर्क्युमिन कर्करोगाच्या पेशी मारते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे’ असा मजकूर मोबाइलवर वारंवार येतो. मी अनेक वर्षांपासून रात्री हळद घातलेले दूध घेतो. त्या प्रयोगांचा आणि माझ्या दुधाचा काही संबंध लावता येईल का?
— निवृत्त शिक्षक, उदगीर

उत्तर : आपल्याला आलेला मजकूर शब्दशः खोटा नाही, तो जिथे थांबतो, तिथे खरा प्रश्न सुरू होतो. कर्क्युमिन हळदीतून प्रथम १८१५ मध्ये वेगळे काढण्यात आले, त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये उलगडली आणि १९४९ मध्ये त्याच्या जंतुरोधक गुणाची नोंद ‘नेचर’ या नियतकालिकात झाली. १९९५ मध्ये असे दिसून आले, की पेशींमध्ये दाहाशी संबंधित अनेक जनुके चालू करणारे एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन कर्क्युमिनमुळे रोखले जाते, आणि तेव्हापासून या विषयावरच्या निबंधांची संख्या झपाट्याने वाढली. स्तन, आतडे, स्वादुपिंड, प्रोस्टेट अशा अनेक अवयवांच्या कर्करोगातून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन टाकले असता त्यांची वाढ मंदावते आणि पुष्कळदा त्या मरतात, हे वेगवेगळ्या देशांतील अनेक प्रयोगशाळांनी पाहिले आहे.

आता हे किती मात्रेत घडते, ते पाहू. अशा बहुसंख्य प्रयोगांत पेशी ज्या द्रवात वाढवलेल्या असतात, त्यात कर्क्युमिनचे प्रमाण लिटरमागे १० ते ५० मायक्रोमोल ठेवलेले असते. कर्क्युमिनचा रेणुभार सुमारे ३६८ असल्यामुळे याचा अर्थ दर लिटरमागे साधारण ४ ते १८ मिलिग्रॅम असा होतो. हे आकडे लहान वाटतात, पण माणसाच्या रक्तात तेवढे कर्क्युमिन तोंडावाटे पोहोचवणे अतिशय अवघड आहे. तैवानमध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देण्यात आले, तेव्हा रक्तद्रवातील सर्वोच्च पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोल इतकीच भरली आणि काही तासांतच ती खाली आली. म्हणजे बशीतल्या पेशींना ज्या मात्रेत दिवसभर बुडवून ठेवले जाते, तिच्या पाचव्या हिश्शालाही हे प्रमाण पोहोचत नाही, आणि जेवढे पोहोचते तेवढेही टिकत नाही.

आपल्या पेल्याचा हिशेब याच आकड्यांवरून मांडता येतो. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरले आणि दुधात अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद पडते असे मानले, तर एका पेल्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम कर्क्युमिन येते. तैवानच्या रुग्णांना दिलेली ८ ग्रॅमची मात्रा गाठायची, तर दिवसाला असे पावणेदोनशेहून अधिक पेले लागतील. यातले बहुतेक द्रव्य आतड्यात शोषलेच जात नाही आणि जे थोडे शोषले जाते, त्याला आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात लगेच ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडले जाऊन ते बाहेर टाकण्याच्या वाटेला लागते. रक्तात जे सापडते, ते प्रामुख्याने असे जोडलेले रूप असते, आणि बशीतल्या पेशींवर टाकलेले मात्र मोकळे कर्क्युमिन असते.

आणखी एक बाब अशा मजकुरांत कधीच नसते. बशीतली कर्करोगाची पेशी मारणे ही फारशी दुर्मीळ गोष्ट नाही. पुरेशा प्रमाणात मीठ टाकले तरी ती मरते. औषध म्हणून ज्याचा विचार करायचा, त्या द्रव्याने त्याच मात्रेत निरोगी पेशी सोडल्या पाहिजेत आणि शरीरात त्या मात्रेत पोहोचलेही पाहिजे. रात्रीचे दूध आपण आवडीने घेत असाल, तर अवश्य घ्यावे. त्याला कर्करोगाचा प्रतिबंध समजून एखादी तपासणी पुढे ढकलली, तर मात्र नुकसान होईल.

प्रश्न : मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रकल्पात हळदीचा मेथॅनॉलमधील अर्क डीपीपीएच चाचणीत क जीवनसत्त्वाच्या जवळपास क्षमतेचा निघाला. पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेच्या मदतीने एमटीटी चाचणीही करायची आहे. निष्कर्षात ‘हळद ही प्रभावी ऑक्सिडीकरणरोधक वनस्पती आहे’ असे लिहिता येईल का? आणि पुढच्या चाचणीत काय जपावे?
— विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : तुमचा प्रश्न या महिन्यातला सर्वांत उपयुक्त प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

प्रथम डीपीपीएच चाचणीत नेमके काय मोजले जाते, ते पाहा. डीपीपीएच हा बाटलीत टिकून राहणारा, गडद जांभळ्या रंगाचा मुक्त मूलक, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू आहे. त्याला कोणी हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला, की जांभळा रंग उतरून द्रव पिवळसर होतो, आणि ५१७ नॅनोमीटरवर प्रकाशाचे शोषण किती घटले, यावरून आपण टक्केवारी काढतो. कर्क्युमिनच्या रेणूला दोन टोकांना फिनॉल गट आहेत, त्यामुळे ते हायड्रोजन देऊ शकते आणि रंग उतरवते, यात शंका नाही. परंतु डीपीपीएच हा मूलक आपल्या शरीरात कुठेही नसतो आणि मेथॅनॉलमध्ये आपल्या पेशी जगत नाहीत. म्हणून ‘या चाचणीत, या द्रावकात, एवढ्या मिनिटांनंतर अर्काने इतका रंग उतरवला’ एवढेच विधान तुमच्या नोंदींवर उभे राहते. अमेरिकेच्या कृषी विभागाने अशाच प्रकारच्या एका चाचणीवर आधारलेली खाद्यपदार्थांची ऑक्सिडीकरणरोधक क्षमतेची सारणी २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. त्या आकड्यांचा आरोग्यावरील परिणामाशी संबंध दिसत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, असे कारण त्यांनी दिले होते. क जीवनसत्त्वाशी तुलना करताना ती वजनावर केली की रेणूंच्या संख्येवर, हेही लिहावे, कारण त्याचा रेणुभार १७६ आणि कर्क्युमिनचा ३६८ आहे. शिवाय तुमच्याकडे शुद्ध कर्क्युमिन नसून अर्क आहे, आणि त्यात आणखी कितीतरी द्रव्ये आहेत.

पेशींच्या चाचणीत, म्हणजे किती पेशी जिवंत राहिल्या हे रंगावरून मोजणाऱ्या एमटीटीत, अडचणी अधिक आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा कर्क्युमिनच्याच स्वभावातून आलेल्या आहेत. हळद लागलेल्या कपड्याला साबण लागला, की डाग लाल होतो आणि तोच कपडा दोन-चार दिवस उन्हात टाकला, की डाग फिका पडतो, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. चुना किंवा टाकणखार घालून हळदीपासून कुंकू करण्याची जुनी पद्धत याच रासायनिक गुणावर उभी आहे. क्षारयुक्त माध्यमात कर्क्युमिनचे रूप बदलते, आणि प्रकाशात ते तुटते. पेशी ज्या द्रवात वाढवतात, तो किंचित क्षारधर्मी असतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७.२ पीएच आणि ३७ अंश सेल्सिअस तापमानाला, रक्तद्रव न घातलेल्या माध्यमात ठेवलेले सुमारे ९० टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासातच विघटित झाले होते. वासराच्या रक्तद्रवाचा १० टक्के अंश घातल्यावर ते बरेच टिकले, तरी आठ तासांत निम्मे संपले. आता तुमची एमटीटी चाचणी २४ किंवा ४८ तासांची असेल, तर पेशींवर झालेला परिणाम कर्क्युमिनचा की त्याच्या विघटनातून निर्माण झालेल्या द्रव्यांचा, हा प्रश्न उरतोच. या द्रव्यांत फेरुलिक आम्ल आणि व्हॅनिलिन यांचाही समावेश आहे.

दुसरी अडचण चाचणीच्या रंगाची आहे. एमटीटी या पिवळ्या क्षाराला जिवंत पेशींतील विकरे क्षपण करून, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन, जांभळे करतात, असे आपण शिकतो, पण क्षपण करण्याची क्षमता असलेले वनस्पतिजन्य फिनॉल पेशी नसतानाही एमटीटीला जांभळे करू शकतात. तसे झाले, तर मेलेल्या पेशीही जिवंत म्हणून मोजल्या जातील. तिसरी अडचण याच्या उलट दिशेची आहे. काही पॉलिफिनॉल संवर्धन-माध्यमातच ऑक्सिजनशी अभिक्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्या पेरॉक्साइडने मरतात. ज्याला आपण ऑक्सिडीकरणरोधक म्हणतो, त्यानेच बशीत ऑक्सिडीकरण घडवून आणावे, हे ऐकायला विचित्र वाटले, तरी ते अनेकदा नोंदवले गेले आहे. तांब्याच्या आयनांच्या उपस्थितीत कर्क्युमिन डीएनएला इजा करू शकते, हेही प्रयोगांत दिसले आहे.

म्हणून चाचणी लावताना चाचणीच्या थाळीत पेशी नसलेल्या, पण अर्क आणि एमटीटी असलेल्या खाचा अवश्य ठेवाव्यात. द्रावक म्हणून डीएमएसओ वापरत असाल, तर तेवढ्याच डीएमएसओची तुलना-खाच हवी. काही खाचांत पेरॉक्साइड तोडणारे कॅटलेज विकर घालून पाहावे. परिणाम नाहीसा झाला, तर तो पेरॉक्साइडचा होता असे समजावे. कर्क्युमिनचे द्रावण अंधारात ठेवावे आणि दर वेळी ताजे करावे. कर्करोगाच्या पेशींबरोबर एखादी निरोगी पेशीरेषा मिळाली, तर तीही घ्यावी, कारण तिच्याशिवाय ‘निवडक परिणाम’ हा शब्द लिहिता येत नाही. कर्क्युमिन स्वतः प्रकाशमान होत असल्यामुळे प्रतिदीप्तीवर आधारलेल्या चाचण्यांत ते स्वतःचाच प्रकाश मिसळते, हे पुढे कधी तसे उपकरण वापराल तेव्हा ध्यानात असू द्यावे. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रातील एका आघाडीच्या नियतकालिकात कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या सर्व कारणांमुळे कर्क्युमिनला चाचण्यांत फसवे सकारात्मक निकाल देणाऱ्या द्रव्यांत बसवले होते. त्या आढाव्याच्या निष्कर्षावर काही संशोधकांनी आक्षेपही घेतले, परंतु चाचण्यांतील अडथळ्यांविषयी त्यात जे म्हटले आहे, ते प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे मला वाटते.

या सगळ्याचा अर्थ कर्क्युमिनचा पेशींवर खरा परिणाम होतच नाही, असा नाही. त्याच्या रेणूच्या मधल्या भागात असलेले दुहेरी बंध प्रथिनांतील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाशी जोडले जातात. पेशीत कीप-१ नावाचे प्रथिन एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला अडवून धरते. कर्क्युमिन कीप-१ वरच्या सिस्टीनला चिकटले, की एनआरएफ-२ सुटते, केंद्रकात जाते आणि ग्लुटाथायोन हे पेशीचे स्वतःचे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य बनवणारी तसेच घातक द्रव्ये निकामी करणारी विकरे तयार करणारी जनुके चालू करते. म्हणजे इथे कर्क्युमिन स्वतः मुक्त मूलक पकडत नाही. ते पेशीला सौम्य धक्का देते आणि पेशी आपली संरक्षणव्यवस्था वाढवते. माझ्या मते हा भाग डीपीपीएचच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी अधिक अभ्यासण्याजोगा आहे, आणि तुमच्या महाविद्यालयात सोय नसली, तरी प्रकल्पाच्या प्रस्तावनेत त्याला दोन परिच्छेद द्यायला हरकत नाही.

प्रश्न : ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये शरीराला चांगली असतील, तर ती जितकी अधिक घ्यावीत तितके बरे, असे समजावे का?
— गृहिणी, जालना

उत्तर : नाही. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण गाजरातल्या बीटा-कॅरोटिनचे आहे. ते बशीत आणि प्राण्यांत आशादायक ठरले होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर घेतलेल्या चाचणीचे निकाल १९९४ मध्ये आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक निघाले. अमेरिकेतील अशीच दुसरी चाचणी तेच घडत असल्याचे दिसल्यावर जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. मुक्त मूलक शरीराला नेहमीच अपायकारक नसतात. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी तेच वापरतात. जेवणातल्या भाज्या, डाळी आणि मसाल्यांना यातले काही लागू होत नाही. गोळ्यांना ते लागू होते.

प्रश्न : माझ्याकडे सेलम जातीची हळद आहे. एका खरेदीदाराने नमुना तपासून ३ टक्के कर्क्युमिन सांगितले, दुसऱ्याने त्याच हळदीला ४ टक्क्यांच्या वर सांगितले. खरे कोणते मानावे? हळद शिजवल्याने आणि उन्हात वाळवल्याने कर्क्युमिन उडून जाते, असेही काही जण म्हणतात. अधिक कर्क्युमिनची जात लावली, तर हळद अधिक औषधी ठरेल का?
— हळद उत्पादक शेतकरी, वसमत तालुका

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात. हळदीत पिवळे रंगद्रव्य एकच नसते, तीन असतात. त्यांना मिळून कर्क्युमिनॉइड म्हणतात आणि त्यांत कर्क्युमिनचा वाटा साधारण तीन चतुर्थांश असतो. स्वस्त आणि सोप्या पद्धतीत अर्काचा रंग ४२५ नॅनोमीटरच्या आसपास मोजतात, त्यात तिन्ही द्रव्ये एकत्र मोजली जातात. एचपीएलसी पद्धतीत ती वेगवेगळी मोजता येतात. त्यामुळे पहिल्या पद्धतीत ४ टक्के भरलेली हळद दुसऱ्या पद्धतीत, केवळ कर्क्युमिन सांगितले तर, ३ टक्के भरते. अहवालावर कोणती पद्धत वापरली आणि टक्केवारी कोरड्या वजनावर काढली का, हे लिहून मागावे. नमुना देताना एका पोत्याच्या तोंडावरची हळकुंडे न देता आठ-दहा पोत्यांच्या तळातली, मधली आणि वरची मिसळून द्यावीत. गड्डे आणि हळकुंडे यांत फरक पडतो, म्हणून ती वेगळी ठेवावीत.

शिजवण्याविषयी बोलायचे, तर कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते पाण्याबरोबर फारसे निघून जात नाही. शिजवल्यामुळे कंदातला पिष्टमय भाग फुगतो, रंग हळकुंडात सारखा पसरतो आणि वाळायला वेळ कमी लागतो. अति शिजवले, तर रंग मळकट होतो. कमी शिजले, तर हळकुंड वाळल्यावर ठिसूळ होते. काडी सहज आत गेली, की कुकरची वाफ बंद करणे, हा आपल्याकडच्या जुन्या शिजवणाऱ्यांचा ठोकताळा योग्यच आहे. उन्हाने कर्क्युमिन तुटते हेही खरे, परंतु सालीच्या आत असलेल्या कंदात ते हळूहळू घडते. दळलेली पूड मात्र प्रकाशात ठेवू नये. पारदर्शक पिशव्यांत भरून दुकानाच्या दर्शनी भागात लटकवलेली हळद ही माझ्या मते आपल्या बाजारातली सर्वांत अनावश्यक नासाडी आहे. स्वयंपाकातही काही अंश कमी होतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उष्णतेमुळे २७ ते ५३ टक्के कर्क्युमिन घटल्याचे आणि प्रेशर कुकरमध्ये १० मिनिटे शिजवल्यावर ही घट सर्वाधिक असल्याचे दिसले होते.

जातीची निवड हा औषधी गुणाचा प्रश्न नसून गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे. अर्क काढणाऱ्या कारखान्याला माल द्यायचा असेल, तर त्याला टक्केवारीच लागते, आणि तिथे अधिक कर्क्युमिनच्या जातीला अर्थ आहे. मोंढ्यातला व्यापारी हळकुंडाची लांबी, पॉलिश, ओलावा आणि मोडल्यावर दिसणारा रंग पाहतो. मेघालयातली लाकाडोंग हळद कर्क्युमिनसाठी नावाजलेली आहे, पण बेणे आणून लावले म्हणजे वसमतच्या जमिनीत तीच टक्केवारी येईल असे नाही. जमीन, पाऊस, काढणीचे वय यांवर ती बदलते. थोड्या गुंठ्यांवर लावून, स्वतःचा नमुना तपासून मगच क्षेत्र वाढवावे. खाणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर आमटीत ३ टक्क्यांची हळद पडली की ५ टक्क्यांची, याने वर उदगीरच्या वाचकांना सांगितलेल्या हिशेबात काहीच फरक पडत नाही.

प्रश्न : हळदीने जखमा भरतात हे अमेरिकेनेच मान्य केले आणि पेटंट रद्द केले, असे आम्ही शाळेत ऐकले होते. मग आणखी पुरावा कशाला हवा?
— वाचक, अंबाजोगाई

उत्तर : घटना खरी आहे, तिचा अर्थ मात्र वेगळा आहे. जखमेवर हळद वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, ३२ जुने संदर्भ सादर केले, त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंधही होता, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. रद्द होण्याचे कारण असे, की ही गोष्ट भारतात आधीपासून माहीत होती आणि म्हणून ती नवा शोध नव्हती. तिचा गुण किती आणि कसा येतो, हे ठरवणे पेटंट कार्यालयाचे काम नव्हते आणि त्याने ते ठरवलेही नाही.

प्रश्न : माझ्या पत्नीला गुडघेदुखी आहे. ती काळी मिरी मिसळलेल्या कर्क्युमिनच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेते. तिला रक्त पातळ होण्याचे औषधही चालू आहे. हळदच आहे म्हणून आम्ही डॉक्टरांना सांगितले नाही. ते सांगावे का?
— वाचक, लातूर

उत्तर : सांगावे, आणि पुढच्या तपासणीची वाट न पाहता सांगावे. प्रथम गुडघेदुखीविषयी. माणसांवरील पुरावा सगळाच निराशाजनक नाही. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीच्या अर्काची दिवसाला १५०० मिलिग्रॅमची मात्रा चार आठवड्यांत गुडघ्याच्या संधिवातात आयबुप्रोफेनच्या तोडीची ठरली होती. जपानमध्ये २००६ मध्ये ८९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या दाहावर नेहमीच्या औषधाला कर्क्युमिनची जोड दिल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण कमी झाले. शोषण न झालेले द्रव्य आतड्यातच राहते, हे लक्षात घेतले, तर या निकालाचे आश्चर्य वाटत नाही. याउलट अल्झायमरच्या रुग्णांवर २४ आठवडे केलेल्या चाचणीत काहीच लाभ दिसला नाही. या चाचण्या लहान किंवा अल्पकाळाच्या आहेत. शिवाय कर्क्युमिनवरचे काही शोधनिबंध त्यांतील चित्रांच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उभे राहिल्यामुळे मागे घ्यावे लागले आहेत, म्हणून या विषयातला आकडा उचलताना मी स्वतः तो निबंध अजून उभा आहे ना, हे आधी पाहतो.

आता काळ्या मिरीविषयी. बंगळुरूतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरीतले तिखट द्रव्य दिले, तर माणसांत कर्क्युमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. जाहिरातींत हा आकडा ठळक छापलेला असतो. मूळ पातळी जवळजवळ शून्य असल्यामुळे वीसपटीनंतरही ती अर्ध्या मायक्रोमोलच्या आसपासच राहिली होती, हे मात्र छापलेले नसते. यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे पायपरिन हे काम यकृत आणि आतड्यातील औषधे निकामी करणारी विकरे रोखून करते, आणि ती विकरे फक्त कर्क्युमिनवर काम करत नाहीत. फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल आणि थिओफायलिन या औषधांची रक्तातील पातळी पायपरिनमुळे वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. कर्क्युमिन स्वतः प्रयोगशाळेत रक्तबिंबिकांचे एकत्र येणे कमी करते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर हे दोन्ही परिणाम एकत्र आले, तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

यकृताचाही विचार करावा लागतो. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतदाहाच्या नोंदी ठेवणाऱ्या संशोधकांच्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित १० रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतील पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू झाला, आणि सात जणांत एकच विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. काही गोळ्यांत मिरीही होती. इटलीतही २०१९ मध्ये अशा यकृतदाहाच्या घटना नोंदवल्या गेल्या. हा त्रास क्वचित होतो, पण कोणाला होईल हे आधी ओळखण्याची सोय नेहमीच्या तपासणीत नसते. रोजच्या खाण्यातील कर्क्युमिनची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने आयुष्यभरासाठी ठरवलेली सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला १८० मिलिग्रॅम. घरच्या भाजी-आमटीतली हळद या मर्यादेच्या आत सहज राहते. आपल्या पत्नीची गोळी तिच्या पाचपटीहून अधिक आहे.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची डबी बरोबर न्यावी, कारण वेष्टनावर मिरीचा अर्क किती, हे त्यांना पाहावे लागेल. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, भूक मंदावणे, अंगाला खाज सुटणे, हिरड्यांतून रक्त येणे किंवा अंगावर काळेनिळे डाग उठणे यांपैकी काहीही दिसले, तर कर्क्युमिनच्या गोळ्या त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणारे औषध मात्र त्यांना विचारल्याशिवाय स्वतःहून थांबवू नये.